ठेवीची गाठ

दोरवाल्याच्या माळ्यावर सतरा घरांचे संसार होते आणि खाली चुलीपाशी त्याचा स्वतःचा एक. वरचे सतरा दोरांनी बांधलेले, खालचा सवयीनं.

दर वर्षी विहिरींनी तळ दाखवला की गल्ली रिकामी व्हायची. ट्रक यायचा, माणसं धरणाच्या कामावर जायची, ती चार-पाच महिन्यांनी परतायची. तोवर घरात काय ठेवणार? कुलूप सज्जन माणसासाठी असतं, असं दोरवाला म्हणायचा. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी जो तो आपलं किडूकमिडूक घेऊन त्याच्या अंगणात यायचा. ट्रंका, गाठोडी, पितळी हंडे, शिलाईचं यंत्र. एकजण तर दार बिजागऱ्यांसकट काढून डोक्यावर घेऊन आला होता. "घर कुठं पळून जाणार आहे? दार मात्र जाईल," म्हणाला.

याला गल्लीत ठेव म्हणत. बँकेतली ठेव वेगळी, तिला कागद लागतो. या ठेवीला कागद नव्हता, भाडं नव्हतं, साक्षीदार नव्हता. नियम होते, तेही मोजून चार. वस्तू मालकानं स्वतः बांधायची, गाठ त्याच्याच हातची. ठेवणाऱ्यानं आत काय आहे ते विचारायचं नाही. गाठीला हात लावायचा नाही. आणि नेताना मालकानं गाठ बघायची, "माझीच" म्हणायचं आणि घरी चालू लागायचं. ठेवणाऱ्याच्या अंगणात गाठ सोडणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. असं एकानं एकदा केलं होतं, दोरवाल्याच्या बापाच्या काळात. त्यानंतर त्याची ठेव कुणी घेतली नाही आणि पुढं त्याच्याकडे ठेवण्यासारखं काही उरलं नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला.

दोर मात्र दोरवाला फुकट द्यायचा. हातभर जास्तच. "दोर माझा, गाठ तुझी," असं म्हणून तो दोर समोरच्याच्या हातात ठेवायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा. त्याची पाठ बघून माणसं निर्धास्त होत. खरं तर पाठीची गरजच नव्हती. त्याच्या दोराला कोण कशी गाठ मारतो हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दूधवाला गाईला बांधतो तशी सुटती गाठ मारायचा. रंगारी एकावर एक सहा गाठी मारायचा, कारण त्याचा कशावरच विश्वास नव्हता. गवंड्याची गाठ परांचीला बांधतात तशी, तीन वेढे आणि टोक उलटं आत खोचलेलं.

नाव दोरवाल्याचं होतं, काम त्याच्या बायकोचं, काकीचं. हेही जगाच्या रीतीला धरूनच. माळा झाडणं, उंदरांचं बघणं, कौलं फुटली तर खाली घमेलं ठेवणं आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक ठेव एकदा उचलून बघणं. हे शेवटचं तिला सासूनं शिकवलं होतं. उघडायचं नाही, मग आत ठीक आहे हे कळणार कसं? उचलून. हलकी झाली तर उंदीर, नाहीतर चोर. तेवढीच राहिली तर सगळं जागेवर. काकीला लिहिता येत नव्हतं, पण सतरा घरांची वजनं तिच्या दंडांत लिहिलेली होती. रंगाऱ्याची ट्रंक म्हणजे दोन हात आणि एक गुडघा. दूधवाल्याचं गाठोडं म्हणजे नुसती कंबर. आणि गवंड्याची लाकडी पेटी एका हाताला जड, दोन हातांना हलकी.

ती पेटी गवंड्याच्या बापाची, हत्यारांची. थापी आणि ओळंबा गवंडी आता कामावर बरोबर न्यायचा, पेटीत दुसरंच काही होतं. काय ते विचारायचं नसतं, पण गवंड्याचं तोंड म्हणजे फुटकं मडकं.

"घराच्या जागेचे कागद आहेत सगळे," अंगणात पेटी ठेवत तो म्हणाला. "गिरणीवाल्यानं दावा लावलाय ना. सख्खा चुलत भाऊ, आणि म्हणतो जागा त्याची."

"सांगू नकोस. मला ऐकायचं नाही," दोरवाला पाठ फिरवून म्हणाला.

"ऐकलंत तर कान झिजतील?"

"कान नाही रे, नियम झिजतो."

"ह्यांचं असंच आहे, काका," गवंडीण म्हणाली. "गुपित असलं की घरोघर सांगत फिरतात, कुणाला सांगू नका म्हणून." मग तिनं काकीचा हात धरला. तिचा तळहात चुन्यानं फाटलेला होता, काकीचा घायपातीच्या दोरानं. दोन खडबडीत हात एकमेकांत अडकले. "काकी, हसण्यावारी नेऊ नका. आमच्या चार भिंती आहेत या पेटीत."

"आहेत तिथंच राहतील," काकी म्हणाली.

पेटी तिनं स्वतः वर नेली आणि माळ्याच्या मधोमध, चार विटांवर ठेवली. सोळा घरं झाली. माळा भरला.

दुसऱ्या दिवशी ट्रक भोंगा वाजवत असताना सतरावं घर आलं. दूधवाला, घामाघूम, पाठीवर गाठोडं, मागं बायकोच्या डोक्यावर दुसरं. काकीनं सांगितलं, जागा नाही. दूधवाल्याचा चेहरा पडला. दोरवाल्यानं बायकोकडे बघितलंच नाही.

"नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. सोळाचे सतरा होऊ देत. माझ्या बापानं चौदाच्या वर नेलं नव्हतं."

तो माळ्यावर चढला. गवंड्याची पेटी विटांवरून काढली, मागच्या मातीच्या भिंतीला सपाट लावली आणि विटांवर दूधवाल्याची गाठोडी रचली.

"भिंतीला लागली ती," काकी शिडीवरून म्हणाली.

"मग? भिंत काय चावते?"

ट्रक गेला. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

*

मग रोजचं सुरू झालं. सकाळी तळ्याच्या खड्ड्यातून पाणी, दोन खेपा. नंतर दोर. अंगणात दोरवाला चाकापाशी बसायचा, काकी कमरेला घायपातीचे झुपके बांधून उलटी चालायची. चाक फिरे, दोर लांब होई, काकी मागं मागं जाई. सव्वीस वर्षं ती अशी नवऱ्याकडे तोंड करून त्याच्यापासून लांब जात आली होती. कुंपणाला पाठ टेकली की एक दोर झाला. मग पुढं यायचं आणि पुन्हा मागं.

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला सगळी वजनं जागेवर होती. चौथ्या महिन्यात तिनं गवंड्याची पेटी एका हातानं उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग दोन्ही हातांनी. खाली उतरून तिनं पाण्याची घागर उचलून बघितली, हातांनाच काही झालंय का म्हणून.

"अहो, गवंड्याची पेटी जड झालीय."

"हलकी?"

"जड."

दोरवाला हसला. चाक थांबवून हसला. "ठेव वाढली म्हण की! बँकेसारखं व्याज सुटलं. गवंड्याला सांग, दोन पेट्या घेऊन ये म्हणावं."

काकीलाही हसू आलं. पेटी हलकी झाली असती तर तिनं माळा डोक्यावर घेतला असता. जड झाली तर काय समजायचं, हे सासूनं शिकवलं नव्हतं. जड म्हणजे काही गेलं नाही, एवढंच तिच्या हिशेबात बसत होतं. लाकडानं दमटपणा धरला असेल, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली. अंगणात मातीला हातभर भेगा पडल्या होत्या आणि दमटपणा कुठून येणार, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात गिरणीवाला आला. गल्लीत राहिलेल्या चार घरांपैकी एक त्याचं. अंगावर कायम पिठाची पूड, भुवयांवरसुद्धा, त्यामुळे तो रागावला की हसला हे उशिरा कळायचं. अंगणात उकिडवा बसला. एक दोर उचलून पीळ बघितला.

"गवंड्याची पेटी तुमच्याकडेच ना, दोरवाले?"

"ठेव कुणाची आहे ते सांगत नसतो."

"सांगू नका. गल्लीला माहीत आहे ते मला माहीत असायला काय हरकत?" त्यानं दोर खाली ठेवला. "तो म्हणतो, त्याच्याकडे आमच्या थोरल्या काकांच्या सहीचा कागद आहे. मी म्हणतो, तो कागद त्यानं यंदाच लिहून घेतलाय. भावकी आहे, कोर्टात उगाच हसं व्हायला नको. एकदा नुसती नजर टाकतो. तुमच्या समोर. गिरणीमागची मोकळी जागा दोर वळायला वापरा की, सावली आहे. इथं उन्हात किती दिवस?"

काकी दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. सावलीची जागा म्हणजे काय, हे तिच्या सोललेल्या पाठीला माहीत होतं.

दोरवाला उठला. अंगणाच्या तोंडाशी गेला आणि वाट दाखवावी तसा बाजूला उभा राहिला.

"माझ्या बापानं ठेवीची गाठ कुणाला दाखवली नाही, मीही दाखवणार नाही. उन्हाची सवय आहे आम्हाला."

गिरणीवाला गेला. जाताना म्हणाला, "नीट ठेवा हो. जपून."

त्या दिवशी काकीला आपल्या नवऱ्याचा अभिमान वाटला. हेही हिशेबात धरायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

*

मातीची रेघ तिला दोन दिवसांनी दिसली. मागच्या भिंतीवर, तळापासून वर, शाळेच्या पाटीवर कुणी ओल्या बोटानं रेघ ओढावी तशी. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन संपत होती. काकीनं नखानं खरवडली. आतून पांढरं काहीतरी लगबगीनं हललं आणि मातीत शिरलं.

तिनं पेटीच्या झाकणाला कान लावला. आतून बारीक आवाज येत होता, कोरडे तांदूळ सुपात हळू पाखडावेत तसा. पेटी खात होती, नाहीतर पेटीला कुणी खात होतं.

ती खाली आली तेव्हा दोर अर्धा झाला होता. तिनं झुपके कमरेला बांधले आणि उलटी चालत चालतच सांगितलं.

"वाळवी लागलीय. गवंड्याच्या पेटीला."

चाकाची लय जरा चुकली. "भिंतीला असेल."

"भिंतीतून पेटीत गेलीय. आवाज येतो आतून."

"रॉकेल ओत भिंतीत. चुना लाव."

"लावते. पण पेटी उघडायला पाहिजे, अहो. कागद आहेत आत."

"तुला काय माहीत कागद आहेत?"

"त्यानं सांगितलं की तुमच्या पाठीला!"

"मी ऐकलं नाही." चाक जोरात फिरायला लागलं. दोराला नको तेवढा पीळ बसला, मधेच एक गुंतवळ उठली आणि काकीच्या बोटांत करकचून आवळली. तिनं ओय केलं. दोरवाल्यानं चाक थांबवलं नाही, फक्त हळू केलं. "परवा त्या गिरणीवाल्याला मी काय सांगितलं? गाठ कुणाला दाखवली नाही. आणि चार दिवसांत आपणच सोडायची? गल्लीला कळलं तर?"

"मग गवंड्याला फोन लावा. विचारा, सोडू का म्हणून."

"आणि काय सांगू? ठेव बिघडली? एकदा हे तोंडातून गेलं की उरलेल्या सोळांना झोप लागेल?" तो जरा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "ठेव म्हणजे हात न लावणं. बाकी आपल्या हातात नाही."

"सांभाळणं नाही?"

"हात न लावणं म्हणजेच सांभाळणं. वाद घालू नकोस, दोर सैल पडतोय."

तिनं पेटी पुन्हा विटांवर ठेवली. दूधवाल्याची गाठोडी बाजूला सारली. भिंतीत रॉकेल ओतलं, चुना फासला, विटांभोवती राख पसरली. दोन दिवस तिच्या हातांना रॉकेलचा वास येत राहिला. भिंतीतली रेघ वाळून पडली. पेटीतला आवाज थांबला नाही. आता बाहेरून येणाऱ्यांची वाट बंद होती आणि आतल्यांना बाहेर जायचंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या खेपेवरून येताना ती शिंपिणीकडे थांबली. शिंपीण एकटी, पायानं अधू, म्हणून कामावर न जाणारी. मशीनवर वाकून तिनं सुई तोंडात धरली होती. तिच्याकडे फोन होता.

"कुणाला लावू?"

"गवंडिणीला."

शिंपिणीनं लावून दिला आणि सुई तोंडातच ठेवून कान टवकारले. पलीकडे यंत्रांचा खडखडाट, मग गवंडिणीचा आवाज, एकदम आनंदलेला.

"काकी! तुम्ही? मीच लावणार होते. अहो, तारीख अलीकडे आलीय. येत्या गुरुवारी. आम्ही सोमवारी येतोय, इकडलं काम संपलेली चार घरंही त्याच ट्रकनं येतील. ह्यांच्या वकिलानं काय सांगितलंय माहितीये? पेटी तशीच आणा म्हणाले. गाठ न सोडता. कोर्टात साहेबापुढं सोडायची. म्हणजे कागद नवा नाही, पेटी चार महिने दुसऱ्याच्या घरी बंद होती, हे दिसेल. कधी नव्हे ते ह्यांच्या बडबडीतून काही चांगलं निघालं."

काकीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काकी? ऐकू येतंय ना? पेटी बरी आहे ना?"

बाहेर गल्लीत एक कुत्रं पाण्याच्या रिकाम्या हौदात तोंड घालून उभं होतं. काकीनं त्याच्याकडे बघितलं. सांगायचं म्हणून आणलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं, पूर्ण, शिंपिणीच्या सुईसारखं दातांत धरलेलं.

"जागेवर आहे," ती म्हणाली.

"तुमच्या भरवशावर तर झोपतोय, बाई."

फोन बंद झाला. शिंपिणीनं सुई काढली. "बोलायला आलीस आणि न बोलता चाललीस."

"समजा, जागेचा कागद हरवला, तर?" काकीनं विचारलं.

"कचेरीत अर्ज करायचा. नोंदीची नक्कल मिळते. माझी मिळाली होती, दोन दिवसांत. पण साध्या कागदावर लिहिलेलं असेल तर कुठून देणार ते?" शिंपिणीनं मशीनचं चाक हातानं फिरवलं आणि थांबवलं. "कुणाचा हरवला?"

"कुणाचा नाही."

*

शनिवारी दोरवाला बाजाराला दोर घेऊन गेला. ऊन डोक्यावर आलं. काकी माळ्यावर चढली आणि पेटीसमोर बसली. चार नियम तिनं मनात एकदा म्हटले, एखादी म्हातारी जपमाळ ओढते तसे. चारही नियम गाठीविषयी होते. पेटीच्या आतलं राहावं म्हणून एकही नव्हता.

तीन वेढे, टोक उलटं खोचलेलं. सोडायला तिला पाव तास लागला.

झाकण उघडलं तेव्हा आत कागद नव्हते. माती होती. कडांपर्यंत गच्च भरलेली, पावसात गळून वाळलेल्या भिंतीसारखी, आणि तिला बारीक भोकं. कागदांच्या फक्त कडा राहिल्या होत्या, पोळी मधून खाऊन काठ टाकावेत तशा. एका काठावर शिक्का होता, अर्धा. एका कागदावर थोरल्या काकांची सही असावी, कारण खाली फक्त एका अक्षराचा गोल उरला होता आणि त्या गोलातून एक पांढरा किडा बाहेर येत होता.

तेव्हा तिला कळलं की पेटी जड का झाली. जेवढा कागद गेला, तेवढी माती आत आली, आणि वर थोडी जास्तच. एवढा चोख हिशेब तिनं आयुष्यात बघितला नव्हता.

ती तिथंच बसली होती, तेव्हा दोरवाला परतला. खालून हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून वर आला. उघडी पेटी त्यानं बघितली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कधी सोडलीस?"

"दुपारी."

"कुणी बघितलं?"

"कोण बघणार?"

तो गुडघ्यांवर बसला. झाकण लावलं. दोर हातात घेतला. तीन वेढे घेतले, टोक उलटं आत खोचलं. जुन्या वळशांच्या खुणा दोरावर होत्या, त्या खुणांवरच त्यानं नवे वळसे बसवले. नखानं एक धागा उचलून जरासा तुटल्यासारखा केला, कारण गवंड्याच्या गाठीला तो तसाच होता. गवंड्यानं स्वतः बांधली त्याहून ती गाठ गवंड्याची वाटत होती.

"वाळवी त्यानंच आणली," तो म्हणाला. "पेटी जुनी. आत असणारच आधीपासून. गाठ त्याची, सुटलेली नाही, मग आपल्या घरात काय झालं? काहीच नाही. जे आलं ते गेलं."

"ती भिंतीला तुम्ही लावलीत."

"गाठ कुठं बिघडलीय, सांग."

"अहो, तो साहेबापुढं उघडणार आहे. सांगणार आहे, चार महिने बंद होती म्हणून. गिरणीवाला समोर बसलेला असेल. गुरुवारपर्यंत त्याला कळलं नाही तर नकलासुद्धा मिळायच्या नाहीत."

दोरवाल्यानं गाठ अंगठ्यानं दाबून बघितली, आंबा पिकलाय का बघावं तशी. "सतरा घरं आहेत, अगं," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज म्हातारा लागला. "एकासाठी सतरा?"

*

सोमवारी ट्रक आला. अंगण भरलं. पाच घरं, दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या अंगावर धरणाची सिमेंटची पूड. रंगाऱ्यानं ट्रंकेच्या सहाही गाठी मोजल्या आणि "माझीच" म्हणाला. त्याचीच पोर हसली, "बाबा, एक कमी आहे," आणि त्यानं घाबरून पुन्हा मोजल्या. दूधवाल्याची बायको गाठोडी खांद्यावर तोलून बघत होती. दोरवाला प्रत्येकाला "दोर राहू दे, परत आणून दे" म्हणत उभा होता, हसतमुख. रस्त्यापलीकडे गिरणीच्या दारात गिरणीवाला टेकून उभा होता, पांढरा.

गवंडी शेवटी आला. पेटी बघून त्यानं दोन्ही हात जोडले.

"काका, मान गये. सगळा धरणाचा परिसर फिरलो, पण ठेव असावी तर अशी." तो वाकला, गाठ बघितली. तीन वेढे, उलटं टोक, तुटका धागा. त्यावरून बोट फिरवलं. पेटी उचलली आणि हसला. "माझीच. एकदम भरभक्कम आहे की! काकी, आमच्या भिंतींना चारा-पाणी दिलंत वाटतं."

लोक हसले. दोरवालाही हसला. गवंडी पेटी खांद्यावर घेऊन वळला. गवंडीण त्याच्या मागं, काकीच्या हाताला ओझरता स्पर्श करून.

"थांब," काकी म्हणाली. "इथंच उघड."

हसू तिथंच राहिलं, तोंडांवर, नुसतं.

"अगं," दोरवाला म्हणाला.

"काकी, थट्टा करताय?" गवंडी म्हणाला. "ठेवणाऱ्याच्या अंगणात गाठ सोडायची नसते. तुम्हीच शिकवलंय. मी काय तुम्हाला चोर म्हणू?"

"म्हण. पण उघड."

"गाठ माझी आहे, काकी. मी बघितली."

"तुझी नाही ती," काकी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण अंगण छोटं होतं. "तुझी मी शनिवारी सोडली. ही ह्यांनी बांधलीय."

गवंड्यानं पेटी खाली ठेवली. गाठीकडे बघितलं, मग दोरवाल्याच्या बोटांकडे. बराच वेळ. "दोर तुमचा," तो सावकाश म्हणाला, "आणि गाठपण तुमचीच."

दोरवाल्यानं पाठ फिरवली. सवयच होती ती त्याची. पण त्या पाठीकडे बघून आज कुणी निर्धास्त झालं नाही.

गवंड्यानं गाठ सोडली. झाकण वर केलं. माती अंगणात सांडली, कोरडी, भुसभुशीत, आणि तिच्यात कागदाच्या कडा. गवंडीण खाली बसली आणि मातीत हात घालून चाळायला लागली, घरात पडलेला एखादा मणी शोधावा तशी. ती ओरडली नाही. तिनं फक्त काकीकडे बघितलं. "जागेवर आहे म्हणालात तुम्ही."

"म्हणाले," काकी म्हणाली. "खोटं बोलले. कचेरी दहाला उघडते. उद्या आणि परवा, दोन दिवस आहेत. नोंदीच्या नकला मिळतील, मी येते बरोबर. थोरल्या काकांच्या सहीचा मिळणार नाही. गुरुवारीही येते. साहेबापुढं सांगते, पेटी कुणी हलवली, गाठ कुणी सोडली, कुणी बांधली. ऐकतील तेवढं सांगते."

रस्त्यापलीकडे गिरणीवाला आत गेला. गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला.

 मग रंगारी खाली बसला आणि सहापैकी पहिल्या गाठीला हात घातला. त्याच्या शेजारचाही बसला. एकेक माणूस आपापल्या ठेवीपाशी वाकत गेला. दोर सैल होण्याची कुरकुर सगळ्या अंगणात सुरू झाली. दोरवाला भिंतीकडे तोंड करून उभाच होता.

दूधवाल्याची बायको तेवढी बसली नव्हती. तिनं एक गाठोडं खाली ठेवलं, दुसरं हातात तोललं, खांदा बदलला, पुन्हा तोललं.

"काकी," ती म्हणाली, "हे आमचं जरा जडच लागतंय का हो?"